दीड तास

बाईंनी निरोप धाडला होता: सहा जिवंत एरिसो हवेत,
काटे न मोडलेले.
मी बादलीतून बारा नेले.
बाई, म्हणजे ओडिलिया बार्रिया,
बाजारात बटाटे निवडावेत तसा एकेक उचलून बघत होत्या,
काटे अजून हलतात का ते.
माझी यास्ना शेवटच्या बाकावर, खिडकीकडे तोंड करून.
तिला माझ्या रबरी बुटांची लाज वाटते,
वासाची त्याहून जास्त.

सुईनं क्षार टोचला. मग पेल्यावर उलटे ठेवलेले एरिसो
पाच छिद्रांतून पाच धारा सोडू लागले.
कुणाच्या केशरी, कुणाच्या दुधाळ.
तीस वर्षं मी हे फोडतोय,
आतल्या पाच जिभांवर लिंबू पिळून खातोय,
यातला नर कुठला, मादी कुठली
हा प्रश्न कधी पडला नाही.
‘जिभा नव्हेत त्या,’ बाई म्हणाल्या,
‘अंडाशय. नाहीतर वृषण.’
पोरं फिसकन हसली. मीही हसलो, जरा उशिरा.

मग काचेवर केशरी थेंब, त्यात पांढऱ्याचा कण.
मला वाटलं होतं काही दिसणार नाही.
दिसलं: चंद्राएवढं एक अंडं,
भोवती वळवळणारी शेकडो शेपटं,
आणि त्यातलं एक आत शिरताच
अंड्यानं दार लावून घेतलं.
दुधावर साय धरावी तसा
एक पातळ पडदा सगळीकडून सुटून वर आला.
बाकीचे बाहेर. धडका मारत.

घंटा झाली. पोरं चेंडू घेऊन चिखलात पळाली.
‘पहिलं विभाजन दीड तासानं,’ बाई म्हणाल्या,
‘पाणी गार राहिलं तर.’
मी म्हटलं, मी बसतो.

वाट बघणं हे माझं जुनंच काम.
नावेवर नळी हातात धरून बुडबुड्यांकडे बघायचं.
खाली एलिसेओ, वर मी.
दुसऱ्या दिवशी खाली मी, वर तो.
आम्हा दोघांत फरक एवढाच,
की त्याच्या भुवईवर गळ लागल्याची खूण होती.
त्या सकाळी कॉम्प्रेसर खोकला आणि थांबला.
नळीला तीन झटके आले.
मी ओढलं.
फार भराभर ओढलं.
केयोनच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, किती मीटर?
अठ्ठावीस, मी म्हणालो. त्यानं पेन खाली ठेवलं.

बशीखालचा बर्फ दोनदा बदलला.
मग अंड्याला मधोमध खाच पडली,
कुणी आतून दोरा आवळत असल्यासारखी.
पोटात कळ यावी तसं ते थरथरलं
आणि दोन झाले.
एकमेकांना टेकलेले, एकाच पडद्यात.

मी बाईंना हाक मारली. त्या डबा अर्धा टाकून आल्या.
‘आत्ता या घटकेला,’ त्या म्हणाल्या,
‘पडदा काढून यांना सुटं केलं ना,
तर दोन्हींचे दोन पूर्ण एरिसो होतात.
थोडे लहान. पण अर्धा कुणीच नाही.’

मी विचारलं, त्यातल्या एकाला कळतं का,
की दुसरा होता?

त्यांनी घाईनं उत्तर दिलं नाही.
चष्मा पुसला, पुन्हा नळीत डोकावल्या.
‘कळायला जे लागतं,
ते अजून त्यांच्यात तयारच झालेलं नाही.’

शाळा सुटल्यावर यास्ना आली.
कोपरानं मला बाजूला सारून डोळा लावला.
‘चार झालेत, बाबा.’
बराच वेळ उठली नाही.
तिचा खांदा माझ्या ओल्या कोटाला लागलेला होता,
ते तिच्या लक्षात आलं नसावं.

बशीतलं सगळं धक्क्यावरून समुद्रात ओतलं.
त्यातलं किती जगेल, विचारलं नाही.
बादलीत उरलेले सहा
रात्री खाल्ले, एलिसेओच्या बायकोला बोलावून.
लिंबू तिनं चिरलं.
सुरी यास्नाच्या हातात होती,
आणि प्रत्येक फोडताना ती सांगत होती:
मादी.
मादी.
नर.